लीलामावशींच्या दोन रिंगा

फोन दोनदा वाजून गप्प झाला की लोकांना वाटतं, राँग नंबर असणार. मला मात्र आजही वाटतं, कोणीतरी सुखरूप पोचलं. ही खोड मला लीलामावशींनी लावली आणि ती काही केल्या जात नाही.

शिकागोजवळ नेपरव्हिलला आमच्या घरापासून दोन रस्ते सोडून मावशी राहायच्या. नात्याने त्या माझ्या कोणी नव्हत्या. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माझा नवरा श्रीधर आणि मी इथे आलो तेव्हा गावात जेमतेम पंधरा-वीस मराठी घरं होती आणि त्या सगळ्या घरांच्या मावशी त्याच. बेताची उंची, साडीवर दत्ताकाकांचा जुना करडा स्वेटर आणि चेहऱ्यावर आत्ताच काहीतरी करपल्याचा वास आल्यासारखा भाव. काका पोलादाच्या कारखान्यात धातूंची परीक्षा करायचे. ते म्हणायचे, मी तडे शोधतो ते घडलेल्या मालात, ही शोधते ते अजून न घडलेल्यात.

मावशींचा एक नियम होता. आमच्यापैकी कोणीही गाडी घेऊन गावाबाहेर निघालं, की त्यांना सांगून निघायचं. पोचल्यावर त्यांच्या घरी फोन लावायचा, दोनदा वाजू द्यायचा आणि ठेवून द्यायचा. त्या उचलत नसत. तिसऱ्यांदा वाजला तरच उचलायच्या, कारण तिसऱ्यांदा वाजला म्हणजे काहीतरी बिनसलं. इथे नव्याने आलेल्यांनी लांबच्या फोनचे पैसे वाचवायला काढलेली ही युक्ती. पुढे सगळ्यांची बरी परिस्थिती आली, युक्तीची गरज संपली, पण मावशींच्या घरी तिचं व्रत झालं.

शिवाय चमचा. कोणी रस्त्यावर असलं की स्वयंपाकघरातल्या सिंकवरच्या खिडकीत त्या एक चमचा ठेवायच्या. माणसागणिक एक. रिंगा आल्या की चमचा परत खणात. थँक्सगिव्हिंगच्या सुटीच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे आमटी वाढायला चमचा मिळायची मारामार, कारण निम्मं गाव खिडकीत बसलेलं असायचं. चमचा खिडकीत असेपर्यंत त्या जेवत नसत. जेवा म्हटलं तर म्हणायच्या, "पोचेपर्यंत माणूस रस्त्यातच असतं."

एकदा आम्ही दोघं मिलवॉकीला गेलो आणि रिंगा द्यायच्या साफ विसरलो. दोन तासांनी मावशींनी विस्कॉन्सिनच्या हायवे पोलिसांना फोन करून आमच्या गाडीचा रंग, नंबर आणि श्रीधरला पाठदुखी असल्याचं कळवलं. आम्ही तेव्हा एका दुकानात फुकटचं चीज चाखत उभे होतो. परत आल्यावर मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, की मावशी, आम्ही काय लहान आहोत? त्या रागावल्या नाहीत. दोन चमचे खणात ठेवले, ताट वाढून घेतलं आणि आमच्यासमोर पहिला घास घेतला. रात्रीचे नऊ वाजले होते. त्यानंतर आम्ही कधी विसरलो नाही.

त्यांना फोनवर बोलण्याचं भयच होतं, हे मला उशिरा कळलं. लग्न होऊन शिकागोला आल्या त्या पहिल्या वर्षी बिल्डिंगच्या जिन्यात एकच फोन होता. त्यावर भारतातून एकदाच फोन आला. थोरल्या भावाचा आवाज, मधे खरखर, "लीला, आपले अण्णा..." आणि लाइन तुटली. पुढचं वाक्य पत्राने यायला अकरा दिवस लागले, पण ते त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. तेव्हापासून त्या म्हणायच्या, "चांगली बातमी वाजते, वाईट बातमी बोलते."

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. दत्ताकाकांनी परस्पर अलास्काची सात दिवसांची क्रूझ ठरवून टाकली. व्हँकुव्हरहून निघायचं, डोंगरांच्या पोटात शिरलेले समुद्राचे चिंचोळे फाटे, ते फ्योर्ड बघायचे, मधे किनाऱ्यावरच्या गावांत उतरायचं आणि परत. सोबत आम्ही दोघं. पण आयत्या वेळी ऑफिसने श्रीधरची सुटी रद्द केली आणि मी एकटीच त्यांच्याबरोबर निघाले.

नेमकी त्याच आठवड्यात त्यांची मंजिरीही निघाली. मंजिरी त्यांची एकुलती एक, तेवीस वर्षांची, इथेच जन्मलेली. तिला सिअ‍ॅटलला नोकरी लागली होती आणि ती आठ वर्षं जुन्या गाडीतून दोन हजार मैल एकटी जाणार होती. रविवारी सकाळी निघायचं, बुधवारी रात्री पोचायचं. मावशी म्हणाल्या, क्रूझ रद्द करा. काका म्हणाले, "लीला, तू घरी बसलीस म्हणून तिचं इंजिन नीट चालणार आहे का?"

त्याहून मोठा घोळ मंजिरीने केला. ती म्हणाली, मी रिंगा देणार नाही. "आय अ‍ॅम ट्वेंटी-थ्री, आई. दिस इज क्रेझी." मायलेकी दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. शेवटी काकांनी मधला मार्ग काढला. मंजिरीने रोज संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर आमच्या घरी, श्रीधरला, दोन रिंगा द्यायच्या. तिने खांदे उडवून कबूल केलं.

आता ते बोटीवर आम्हाला कळणार कसं? मावशींनी यावरही तोड काढली. बोट ज्या गावाला लागेल तिथून आम्ही श्रीधरला फोन लावायचा. मंजिरीच्या रिंगा आलेल्या असतील तर त्याने आमचा फोन उचलायचा नाही. आलेल्या नसतील तरच उचलायचा. म्हणजे आठवडाभर आम्ही देवाकडे मागायचं काय, तर फोन कोणी उचलू नये. श्रीधर म्हणाला, या बाई हेरखात्यात असत्या तर खूप पुढे गेल्या असत्या.

शनिवारी बोटीवर चढल्या चढल्या सगळ्या प्रवाशांकडून लाइफ जॅकेटची तालीम करून घेतली. इतरांनी जॅकेट काढून ठेवलं. मावशी ते घालूनच चहाला आल्या. नंतर त्यांनी केबिनच्या गोल खिडकीच्या कट्ट्यावर रुमाल पसरला आणि पर्समधून एक चमचा काढून त्यावर ठेवला. मंजिरीच्या बारशाला आलेला स्टीलचा लहान चमचा, दांड्यावर टिंब टिंब करून कोरलेलं "चि. मंजिरी". रविवारचा सबंध दिवस बोट पाण्यात होती आणि मावशी त्या चमच्याजवळ. बाहेर देवमासा दिसल्याची आरोळी उठली तेव्हाही हलल्या नाहीत. मी सांगायला गेले तर म्हणाल्या, "तो पोचेल गं त्याच्या घरी, त्याला काय धाड भरलीय."

सोमवारी केचिकान लागलं. लाकडी खांबांवर उभं असलेलं, पावसाने भिजलेलं चिमुकलं गाव. संध्याकाळी सहाला, म्हणजे नेपरव्हिलला नऊ वाजता, मावशींनी धक्क्यावरच्या बूथमधून फोन लावला. मी त्यांच्या कानाला कान लावून उभी. एक, दोन, तीन... आठ रिंगा झाल्या. कोणी उचलला नाही. फोन ठेवून मावशींनी बूथच्या काचेला टेकून डोळे मिटले, मग म्हणाल्या, "भूक लागली." त्या संध्याकाळी त्या दोनदा जेवल्या.

मंगळवारी जुनो. तिथे आमचा मुक्काम थोडा होता, बोट साडेतीनला सुटणार होती. मावशी धक्का सोडून लांब गेल्याच नाहीत. तीन वाजता फोन लावला. मी पुन्हा कानाला कान लावला. एक, दोन, तीन... दहा रिंगा. कोणी उचलला नाही. मावशींचा चेहरा असा उजळला की मी तसा तो पूर्वी पाहिला नव्हता. त्या चक्क हसल्या. काकांना म्हणाल्या, माझा एक फोटो काढा, त्या डोंगरासकट. तीन दिवसांत पहिल्यांदा लाइफ जॅकेट अंगातून काढून हातात धरलं.

आणि त्याच वेळी मी मनात तास मोजले. इथे तीन म्हणजे नेपरव्हिलला सहा. श्रीधरची ट्रेन शिकागोहून येते सहा वीसला. घरात फोन उचलायला कोणी नव्हतंच. त्या दहा रिंगांचा अर्थ काहीच नव्हता.

मी बोलायला हवं होतं. पण काका कॅमेरा डोळ्याला लावून उभे होते आणि मावशी पदर सारखा करत होत्या. मी मनाशी म्हटलं, हसू दे एवढा एक फोटो होईपर्यंत. फोटो झाला, बोटीचा भोंगा झाला, आणि मग बोलून उपयोग उरला नाही. पुढचा फोन गुरुवारी. त्या रात्री मला झोप लागली नाही आणि त्या मात्र आठवड्यात पहिल्यांदा घोरल्या, असं काका सकाळी कौतुकाने सांगत होते.

बुधवारी बोट फ्योर्डमध्ये शिरली. दोन्ही बाजूंनी काळे सरळ कडे, त्यांवरून सुटलेले धबधबे, पाण्यात तरंगणारे निळसर बर्फाचे तुकडे आणि पार टोकाला ती हिमनदी. सगळी बोट डेकवर लोटली होती. मावशी कुठे दिसेनात म्हणून मी खाली गेले, तर केबिनचं दार उघडं, कट्ट्यावर नुसता रुमाल, आणि मावशी पांढऱ्याफटक. केबिन आवरणाऱ्या माणसाने चहाच्या ट्रेबरोबर चमचा नेला होता.

आम्ही दोघी बोटीच्या मुदपाकखान्यात पोचलो. तिथे रामोन नावाचा एक फिलिपिनो माणूस होता. मावशींनी त्याला काय सांगितलं कोण जाणे, पण त्याने धुतलेल्या चमच्यांचे चार मोठे ट्रे आमच्यासमोर आणून ठेवले आणि स्वतःही शोधायला लागला. वर कडा कोसळल्यासारखा आवाज झाला, हिमनदीचा सुळका सुटून पाण्यात पडला असणार, लोकांचा गलका ऐकू आला. ज्यासाठी एवढ्या लांब आलो ते वर चाललं होतं आणि आम्ही तिघं खाली चमचे उलटेपालटे करत होतो.

मधेच मावशींचे हात थांबले. ट्रेकडे बघतच त्या म्हणाल्या, "काल श्रीधर घरी नसणार ना गं त्या वेळी?"

मी हातातला चमचा ट्रेमध्ये ठेवला.

"तुला माहीत होतं."

"हो, मावशी."

त्या रागावतील असं वाटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या हळूच म्हणाल्या, "मलाही माहीत होतं बहुतेक. एक दिवस हसून घेतलं." आणि पुन्हा चमचे शोधायला लागल्या. मला तिथे त्या वाफेत रडू फुटलं. चमचा रामोनला सापडला. दांड्यावरच्या टिंबांवरून बोट फिरवत त्याने विचारलं, हे काय लिहिलंय? मावशींनी सांगितलं, "माय डॉटर."

मावशींनी त्या दिवशी अन्नाला हात लावला नाही. संध्याकाळी त्या वायरलेसच्या अधिकाऱ्याकडे जाऊन आल्या. तो भला माणूस होता, पण म्हणाला, या डोंगरांमधून काही लागणार नाही. काकांनी रात्री पहिल्यांदा माझ्याकडे कबूल केलं, की मंजिरीच्या गाडीच्या पाण्याच्या पंपाचा आवाज त्यांना निघायच्या आधीपासून आवडला नव्हता. बायकोला बोलले नव्हते. मी म्हटलं, मलाही सांगायला नको होतं हो काका.

गुरुवारी सकाळी आठला सिटका आलं. बोट लांब उभी राहते आणि लहान होडीतून किनाऱ्यावर जावं लागतं. शनिवारी धक्क्यावरची फळी ओलांडताना काकांचा दंड काळानिळा करणाऱ्या मावशी पहिल्या होडीत सगळ्यांच्या आधी उतरून बसल्या. बूथ गाठला आणि तिथे थबकल्या. नेपरव्हिलला अकरा वाजलेले. घरी फोन लावून पुन्हा तेच होणार. मी म्हटलं, श्रीधरच्या ऑफिसला लावू या.

"म्हणजे बोलायचं," त्या म्हणाल्या.

फोन मीच लावला. श्रीधरने उचलला आणि माझा आवाज ऐकताच पहिलं वाक्य बोलला, "ती ठीक आहे." मग बाकीचं सांगितलं. मंगळवारी दुपारी मोंटानात भर हायवेवर गाडी बंद पडली. पाण्याचा पंप. तीन तास ती रस्त्याच्या कडेला बसून होती. एका म्हाताऱ्या ट्रकवाल्याने गाडी ओढत जवळच्या गावात नेली. रात्री साडेदहाला तिने श्रीधरला फोन केला आणि रिंगा न देता बोलली, खूप रडली. नवा पंप शुक्रवारी येणार, तोवर ती तिथल्या मोटेलमध्ये. श्रीधरने नंबर दिला. मी बोलत असताना मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, एखादा शब्द निसटू नये म्हणून ओठांकडे. मी फोन ठेवून सगळं सांगितलं आणि नंबर लिहिलेला कागद पुढे केला.

मोटेलवाल्याने फोन खोलीला जोडून दिला. मावशींच्या हातात रिसीव्हर, माझा कान जवळ. एक रिंग. दुसरी रिंग. मावशींचा दुसरा हात आपोआप उठला आणि फोन तोडायला खाली येऊ लागला. वीस वर्षांची सवय. मी तो हात धरला नाही, शप्पथ. त्यांनीच तो मधेच थांबवला आणि लाइफ जॅकेटचा पट्टा गच्च धरला. तिसरी रिंग वाजली.

"हॅलो?"

मावशींचा नुसता श्वास.

"आई?" पलीकडून मंजिरी म्हणाली. "आई, इज दॅट यू?"

मी बाहेर आले. काका दाराच्या फटीतून एकेक नाणं आत देत राहिले. स्वतः बोलायला मागितलं नाही. काचेतून आम्हाला मावशींची पाठ दिसत होती. पंचवीस मिनिटं. मधे एकदा त्या खाली बसल्या, बूथच्या ओल्या फरशीवर, साडीसकट. काका चटकन पुढे झाले, तर त्यांनी आतून हाताने खूण केली, ठीक आहे म्हणून.

दुपारी मावशी डेकवर माझ्याशेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या आणि समुद्राकडे बघत म्हणाल्या, "ती काय म्हणाली ठाऊक आहे? दहा वर्षांची असताना तिला आम्ही समर कँपला पाठवलं होतं. तिथून रोज दोन रिंगा द्यायची. म्हणाली, आई, पहिली रिंग झाली की मी श्वास धरायचे, वाटायचं, आज तरी तू उचलशील. कॉलेजातूनही तसंच. म्हणाली, मला वाटायचं, मी जिवंत आहे एवढंच तुला हवंय, बाकी काही ऐकायचं नाही."

मी म्हटलं, तिला कुठे माहीत होतं, तुम्ही...

"आणि मी इकडे फोनवर हात दाबून उभी असायचे गं. माझ्याकडून उचलला जाऊ नये म्हणून."

त्या मनमोकळं रडल्या. त्यांना तसं रडताना मी एकदाच पाहिलं. मंजिरी शनिवारी सिअ‍ॅटलला पोचली. तो चमचा मावशींनी खणात ठेवला नाही, तिलाच पाठवून दिला. त्यानंतर दर रविवारी मायलेकी फोनवर तास तासभर बोलत, भांडतही असत. आम्हा बाकीच्यांना मात्र दोन रिंगाच. खिडकीत चमचे, जेवायचं थांबणं, सगळं पूर्वीसारखं. मी एकदा चिडवलं, तर म्हणाल्या, सगळ्यांशी बोलत बसले तर पोळ्या कोण लाटणार?

तीन वर्षांनी श्रीधरला न्यू जर्सीला संशोधनाची नोकरी लागली आणि आम्ही वेस्ट विंडसरला जायला निघालो. निरोप द्यायला दाराशी येणं मावशींना कधी जमलं नाही. सामान भरलेली गाडी त्यांच्या घरावरून नेली तेव्हा त्या सिंकवरच्या खिडकीत होत्या, तोच करडा स्वेटर. हात हलवला नाही. खाली मान घालून एक चमचा ठेवला, त्याच्या शेजारी दुसरा. दोन्ही सरळ केले आणि मग वर पाहिलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हा. पुढे काका निवृत्त झाले, दोघं लेकीजवळ सिअ‍ॅटलला गेले आणि मावशी तिथेच वारल्या. मंजिरीने मला फोन करून सांगितलं. बोलून.

पण न्यू जर्सीला निघालो तेव्हाचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नव्या घरी पोचलो. घरात फर्निचर नव्हतं, जमिनीवर नुसता फोन. मावशी जेवायच्या थांबल्या असतील म्हणून मी बूटही न काढता खाली बसून नंबर फिरवला आणि दोन रिंगा झाल्या की तोडायचा म्हणून बोट तयार ठेवलं. पहिली रिंग पुरती वाजलीही नाही.

"बोल," मावशी म्हणाल्या.

मी इतकी गडबडले, की नुसतं "पोचलो, मावशी" एवढंच म्हटलं.

"ते कळलं गं. आता बोल."